इनसायडर ट्रेडिंगचा एक दिवसाचा वर्ग: सकाळ वसूल, दुपार उधार

साडेसहा हजार रुपये अधिक जीएसटी. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच, दोन चहा, एक जेवण, एक जाडजूड फाइल आणि शेवटी प्रमाणपत्र. विषय: इनसायडर ट्रेडिंग, म्हणजे कंपनीची जाहीर न झालेली माहिती हाती असताना केलेला शेअरचा व्यवहार, बेकायदा कधी ठरतं आणि कोर्टं ते कशाच्या आधारावर ठरवतात. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुण्यात असले वर्ग घेणारे मोजकेच आहेत, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मी भोसरीतल्या एका लिस्टेड कंपनीत सेक्रेटरियल विभागात आहे. तिमाही संपली की ट्रेडिंग विंडो, म्हणजे आतल्या लोकांना कंपनीचे शेअर घ्यायची-विकायची मुभा, बंद झाल्याचा मेल माझ्या नावाने जातो आणि निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटेपर्यंत विंडो उघडत नाही. कोणाला शेअर घ्यायचे-विकायचे असले तर प्री-क्लिअरन्सचा, म्हणजे पूर्वपरवानगीचा, अर्ज माझ्याकडे येतो. अजून जाहीर न झालेली माहिती कोणी कोणाला, कधी आणि कशासाठी दिली याची पॅन नंबरासकट डेटाबेसमध्ये नोंद मीच करते. थोडक्यात, कंपनीत माझी ओळख 'शेअर विकू न देणारी बाई' अशी आहे. नियम पाठ आहेत. पण अकाउंट्समधला कोणी "मॅडम, मला माहीतच काय आहे?" म्हणून हुज्जत घालायला लागला की नियमाचा आकडा तोंडावर फेकून भागत नाही. कोर्टात अशा माणसाचं नेमकं काय होतं, हे मला ऐकायचं होतं. म्हणून गेले. फी कंपनीने भरली.

शिकवणारे सर मुंबईत सिक्युरिटीजची वकिली करतात. मूळचे विदर्भातले, बोलण्यात ते लपत नाही. पहिली पंधरा मिनिटं पडद्यावर काहीच नव्हतं. त्यांनी प्रत्येक टेबलावर झेरॉक्सचं एक पान ठेवलं. कधीकाळच्या एका ओपन ऑफरचं, म्हणजे कंपनी ताब्यात घ्यायला तिच्या भागधारकांना 'शेअर आम्हाला विका' म्हणणाऱ्या जाहीर प्रस्तावाचं, पत्र होतं. घेणाऱ्या कंपनीचं नाव काळ्या मार्करने खोडलेलं, जिचे शेअर घ्यायचे तिचंही खोडलेलं. बाकी सगळं जसंच्या तसं: दर्शनी किंमत, ५२ आठवड्यांतला उच्चांक आणि नीचांक, नोंदणीकृत कार्यालयाचा तालुका, कारखाने किती, रजिस्ट्रार कोण. "ओळखा," एवढंच म्हणाले. मोबाइल वापरायला परवानगी होती. आमच्या टेबलावर चाकणच्या कंपनीतला अकाउंट्सचा एक मुलगा होता. त्याने आधी तालुका पाहिला, मग दर्शनी किंमत पाहिली, मोबाइलवर कुठलासा जुना चार्ट उघडला आणि चहा यायच्या आत दोन्ही नावं सांगितली. बरोबर निघाली. "आता सांगा," सर म्हणाले, "यानं गुन्हा केला का?"

चिअरेलाचा खटला शिकवायची ही पद्धत मला फार आवडली. व्हिन्सेंट चिअरेला न्यूयॉर्कमधल्या पॅन्डिक प्रेसमध्ये कामाला होता. तिथे कंपन्या ताब्यात घेण्याच्या ऑफरची कागदपत्रं छापायला येत. नावांच्या जागा कोऱ्या असत किंवा खोटी नावं घातलेली असत, खरी नावं शेवटच्या छपाईच्या रात्री येत. याने बाकीच्या तपशिलावरून पाच ऑफरमधल्या कंपन्या ओळखल्या, शेअर घेतले, घोषणा झाल्यावर विकले आणि १४ महिन्यांत ३० हजार डॉलरहून थोडे जास्त कमावले. अशी माहिती वापरू नका अशी सूचना प्रेसमध्ये लावलेली होती. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या आपल्या सेबीची अमेरिकेतली थोरली बहीण एसईसी, तिच्याशी तडजोड करून त्याने नफा परत केला, नोकरी गेली, वर फौजदारी खटल्यात १७ आरोपांवर दोषी ठरला. आणि १९८० साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने त्याला सोडलं!

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. सरांना तेच हवं होतं. मग त्यांनी सावकाश उलगडलं. ज्या कायद्याखाली हे खटले चालतात, त्या १९३४ च्या कायद्याच्या कलम १०(ब) मध्ये आणि १९४२ च्या नियम १०ब-५ मध्ये इनसायडर ट्रेडिंग हे शब्दच नाहीत. तिथे बंदी आहे ती फसवणुकीला. त्यामुळे तिकडच्या न्यायाधीशांना दर वेळी एकच प्रश्न सोडवावा लागतो: यानं फसवलं कोणाला? गप्प बसणं ही फसवणूक तेव्हाच, जेव्हा बोलणं तुमचं कर्तव्य असतं. चिअरेला ज्यांच्याकडून शेअर घेत होता, त्यांचा तो ना संचालक, ना नोकर, ना वकील. त्यांनी त्याच्यावर कसलाच विश्वास टाकलेला नव्हता. बाजारात एकाला जास्त माहिती आणि दुसऱ्याला कमी, एवढ्यावर गुन्हा होत नाही, असं कोर्टाने सांगितलं.

चिअरेलाने आपल्या मालकाच्या गिऱ्हाइकांचा विश्वासघात केला, हा मुद्दा सरकारने नंतर मांडायचा प्रयत्न केला. पण तो ज्यूरीपुढे आलाच नव्हता, म्हणून कोर्टाने बाजूला ठेवला. एसईसीने त्याच वर्षी ओपन ऑफरपुरता वेगळा नियम करून ती फट बुजवली. बाकी मोठी फट मात्र १७ वर्षं तशीच राहिली.

ती बुजली ओहेगनच्या खटल्यात, १९९७ साली. सकाळचं सगळ्यात चांगलं शिकवणं हे होतं. मिनियापोलिसच्या डॉर्सी अँड व्हिटनी या वकिलांच्या फर्ममध्ये जेम्स ओहेगन भागीदार होता. लंडनच्या ग्रँड मेट्रोपॉलिटनला पिल्सबरी कंपनी घ्यायची होती आणि तिने हीच फर्म नेमली. ओहेगनने त्या कामाला हातही लावलेला नव्हता. पण १९८८ च्या ऑगस्टपासून त्याने पिल्सबरीचे कॉल ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घ्यायचे हक्क, घ्यायला सुरुवात केली, शिवाय ३९ डॉलरच्या आतल्या भावाने पाच हजार शेअर घेतले. ऑक्टोबरमध्ये ऑफर जाहीर झाली, भाव ६० च्या घरात गेला आणि याला ४३ लाख डॉलरहून जास्त नफा झाला. गिऱ्हाइकांच्या ट्रस्ट खात्यातले पैसे त्याने आधीच खाल्ले होते, ते भरून काढायला हा उद्योग चालला होता.

आता पिल्सबरीच्या भागधारकांचा तो कोणी लागत नव्हता. म्हणजे चिअरेलाचाच हिशेब लावला तर सुटायला हवा. खालच्या अपील कोर्टाने त्याला सोडलंही होतं. सुप्रीम कोर्टाने मात्र सांगितलं की माहिती ज्याची होती, त्यालाच याने फसवलं. फर्मने आणि फर्मच्या गिऱ्हाइकाने विश्वासाने जे हाती दिलं, ते याने गुपचूप स्वतःच्या खिशासाठी वापरलं. शेअर ज्याच्याकडून घेतले त्याच्याशी नातं असण्याची गरजच उरली नाही.

इथे सरांनी एक प्रश्न टाकला, तो अजून माझ्या डोक्यात आहे. ओहेगन आधी जाऊन फर्मला आणि ग्रँड मेटला सरळ म्हणाला असता, "मी पिल्सबरी घेतोय बरं का," तर? अर्धा हॉल म्हणाला, तरी गुन्हाच. उत्तर उलटं आहे. ज्याची माहिती, त्याला तोंडावर सांगून व्यवहार केला तर या कलमाखालची फसवणूक उरत नाही, हे कोर्टाने निकालातच मान्य केलंय. नोकरी जाईल, दुसऱ्या कुठल्या कायद्यात अडकेल, ते निराळं. माझ्या शेजारच्या बाई एका बँकेच्या ट्रेझरीत आहेत. त्या म्हणाल्या, "म्हणजे सांगून चोरी केली तर चालते." सर हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

टिप देणाऱ्या-घेणाऱ्यांचं प्रकरण त्यामानाने भरभर झालं, आणि ते ठीकच. डर्क्सचा १९८३ चा निकाल त्यांनी नीट सांगितला. रे डर्क्स हा विश्लेषक. इक्विटी फंडिंग नावाच्या कंपनीत प्रचंड घोटाळा चाललाय, हे त्याला तिथल्या एका माजी अधिकाऱ्याकडून कळलं. त्याने शोध घेतला, वर्तमानपत्राच्या मागे लागला की छापा म्हणून, आणि ते करता करता आपल्या गिऱ्हाइकांनाही सांगितलं. त्यांनी १ कोटी ६० लाख डॉलरहून अधिकचे शेअर विकून टाकले. एसईसीने डर्क्सलाच पकडलं. कोर्टाने विचारलं, माहिती फोडणाऱ्याला यातून मिळालं काय? काहीच नाही, त्याला घोटाळा उघड करायचा होता. फोडणाऱ्याने स्वतःच्या फायद्यासाठी विश्वास मोडला नसेल तर ऐकणाराही दोषी नाही.

मग फायदा म्हणजे काय यावर तिकडे तीसेक वर्षं घोळ चालला. २०१६ मध्ये सलमान खटल्यात एकमताने ठरलं की पैसे हातात पडायलाच हवेत असं नाही, व्यवहार करणाऱ्या नातेवाइकाला माहिती भेट म्हणून देणं पुरेसं आहे. तिथला सिटीग्रुपमधला भाऊ आपल्या भावाला आधी पैसेच देऊ करत होता, पण त्याने पैशांऐवजी टिप मागितली. तीच टिप पुढे मेहुण्यापर्यंत गेली. आपल्याकडच्या कुठल्याही घरात शोभेल असं प्रकरण आहे.

रजत गुप्तांचं नाव निघणार हे उघड होतं. निघालं आणि सगळेच बोलायला लागले. गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेच्या संचालक मंडळाची फोनवरची बैठक संपते, पुढच्या मिनिटाच्या आत त्या मंडळावरच्या गुप्तांचा राजरत्नम या हेज फंडवाल्याला फोन जातो, आणि बाजार बंद व्हायच्या आत गोल्डमनचे शेअर घेतले जातात: २३ सप्टेंबर २००८. सरांनी पाच मिनिटांत हा विषय गुंडाळला. कायद्याच्या दृष्टीने त्यात नवीन काही नाही, संचालकाचं कर्तव्य मोडलं एवढंच, असं त्यांचं म्हणणं. काही जण हिरमुसले. मला हे बरं वाटलं. त्या गोष्टी कोणीही सांगतो.

जेवणाबद्दल लिहायला हवं, कारण फीमध्ये ते धरलेलं आहे. पनीरची भाजी गोड होती. मसालेभात उत्तम, वर खोबरं-कोथिंबीर अगदी हात सोडून पेरलेली. ताक संपलं ते परत आलं नाही. पण जेवताना सर प्रत्येक टेबलाशी येऊन बसत होते, ही फार चांगली गोष्ट. आमच्या टेबलावर कोणीतरी विचारलं की घरून काम करताना नवऱ्याने फोनवरचं बोलणं ऐकलं आणि शेअर घेतले तर बायकोचं काय? सरांकडे खराखुरा दाखला होता. ह्यूस्टनच्या एका माणसाची बायको बीपी कंपनीत होती आणि घरून काम करत होती. बीपी ट्रॅव्हलसेंटर्स नावाची कंपनी घेणार, हे त्याने तिच्या फोनवरच्या बोलण्यातून ऐकलं. तिला न सांगता शेअर घेतले आणि १७ लाख डॉलरहून जास्त कमावले. नंतर त्याने तिच्याकडे कबुली दिली, तिने आपल्या वरिष्ठांना सांगितलं. तिने जाणूनबुजून काही फोडल्याचा पुरावा मिळाला नाही, तरी तिची नोकरी गेली. तिने घटस्फोटाचा अर्ज केला. २०२४ मध्ये त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. ट्रेझरीवाल्या बाई ताटावरून उठेपर्यंत गप्प होत्या.

दुपारी गाडी घसरली. जेवणानंतरचं सत्र दुसऱ्याच एका तरुण वकिलाकडे होतं आणि भारतातलं सगळं त्याच्या गळ्यात टाकलेलं. त्याने सेबीचे २०१५ चे नियम स्लाइडवर लावले आणि वाचून दाखवले. हॉलमध्ये बसलेल्या निम्म्या लोकांचं हे रोजचं काम आहे. दंड किमान १० लाख, कमाल २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट यांतलं जे जास्त असेल ते, कैद दहा वर्षांपर्यंत. हे वाक्य मी स्वतः कंपनीच्या नव्या लोकांना दर महिन्याला ऐकवते.

निदान सकाळच्या खटल्यांशी सांधा जुळवला असता तरी चाललं असतं, कारण फरक मोठा आहे. अमेरिकेत कर्तव्य आणि फसवणूक शोधत बसावं लागतं. आपल्याकडे नियमात सरळ लिहिलंय: जाहीर न झालेली भावसंवेदनशील माहिती ज्याच्या हातात आहे किंवा ज्याला ती मिळू शकते, तो इनसायडर. चाकणचा तो मुलगा चिअरेलाच्या काळात त्या प्रेसमध्ये असता तर तिकडे सुटला असता, इथे सहज अडकला असता. टिप देणाऱ्याला काय मिळालं, हेही आपल्याकडे विचारायची गरज नाही. कामाच्या कायदेशीर कारणाशिवाय माहिती देणं हाच भंग. हे दोन वाक्यांत सांगता येतं. कोणी सांगितलं नाही.

हिंदुस्थान लिव्हरचं प्रकरण एका स्लाइडमध्ये गेलं. ब्रुक बाँड लिप्टन इंडियाचं लिव्हरमधलं विलीनीकरण जाहीर व्हायच्या आधी, मार्च १९९६ मध्ये, लिव्हरने यूटीआय या म्युच्युअल फंडाकडून ब्रुक बाँडचे ८ लाख शेअर घेतले. सेबीने १९९८ मध्ये इनसायडर ठरवून यूटीआयला भरपाई द्यायला सांगितलं, आणि त्याच वर्षी अपिलात तो आदेश उलटला, कारण विलीनीकरणाची चर्चा पेपरांत आधीच छापून आली होती. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट गुप्त कशी? आमच्याकडे दर तिमाहीला कोणीतरी हेच म्हणतं, "मार्केटमध्ये सगळ्यांना माहितीय मॅडम." अंदाज छापून येणं वेगळं आणि कंपनीच्या आतून पक्कं कळणं वेगळं, हे समजावायला यापेक्षा चांगलं प्रकरण मिळणार नाही. एक स्लाइड!

माझा खरा राग आहे तो गॅमनच्या निकालावरून. सेबी विरुद्ध अभिजित राजन, सुप्रीम कोर्ट, १९ सप्टेंबर २०२२. या एका निकालासाठी मी वर्गाला गेले होते म्हटलं तरी चालेल. मी तो छापून, पेन्सिलीने खुणा करून नेला होता. त्याला दहा मिनिटं मिळाली.

प्रकरण असं. गॅमन इन्फ्रास्ट्रक्चर आणि सिम्प्लेक्स इन्फ्रास्ट्रक्चर या दोन कंपन्यांना राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची रस्त्याची एकेक कामं मिळाली होती. गॅमनचं काम १,६४८ कोटींचं, सिम्प्लेक्सचं ९४० कोटींचं. दोघांनी एकमेकांच्या प्रकल्पात गुंतवणूक करायचे करार केले. मग ९ ऑगस्ट २०१३ ला गॅमनच्या संचालक मंडळाने ते करार मोडायचं ठरवलं. २२ ऑगस्टला गॅमनचे तेव्हाचे अध्यक्ष राजन यांनी सुमारे १४४ लाख शेअर, सुमारे १० कोटी २८ लाखांना विकले. शेअर बाजाराला करार मोडल्याचं कळवलं ३० ऑगस्टला. तारखा एवढ्याच पाहिल्या तर माझ्यासारखीने डोळे झाकून अर्ज नाकारला असता. सेबीनेही नफा परत करायचा आदेश दिला.

सॅटने, म्हणजे सेबीच्या आदेशांवरची अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने, तो रद्द केला आणि सुप्रीम कोर्टाने सॅटचं म्हणणं उचलून धरलं. कोर्टाने आधी बातमीच तपासली. करार मोडल्याने गॅमनच्या हातून लहान प्रकल्पातला वाटा गेला, पण स्वतःचा मोठा प्रकल्प पूर्ण तिच्याकडे राहिला. म्हणजे बातमी कंपनीच्या बाजूची, भाव वर जावा अशी. आणि आतल्या माहितीवर पैसे करायला निघालेला माणूस चांगली बातमी फुटायच्या आधी विकतो का? तो थांबेल, किंवा उलट घेईल. मग विकले कशाला? गॅमन इंडिया या मूळ कंपनीच्या कर्जाची पुनर्रचना चालू होती, त्यासाठी प्रवर्तकांना पैसा उभा करायचा होता, आणि विक्रीचा पैसा तिकडेच गेला. प्रत्यक्ष नफा झाला की तोटा, याला महत्त्व नाही, पण नफ्याचा हेतू तर हवा, असं कोर्टाचं म्हणणं. हेतू पाहायची ही वाट सॅटने २००३ मध्येच दाखवली होती. एबीएस इंडस्ट्रीजच्या व्यवस्थापकीय संचालकाने बायरशी होणारा सौदा पुरा व्हावा म्हणून मेहुण्याकरवी शेअर जमवले होते. कंपनीच्या भल्यासाठी केलं म्हणून सॅटने सेबीचा पैसे भरायचा आदेश काढून टाकला.

आता अडचण बघा. गॅमनचा निकाल १९९२ च्या जुन्या नियमांवर आहे. २०१५ च्या नियमांत कलम ४ खाली टीप आहे की माणसाने व्यवहार कशासाठी केला आणि पैसे कुठे वापरले, हे भंग ठरवताना पाहायचं नाही. वर स्पष्टीकरण आहे की माहिती हातात असताना केलेला व्यवहार त्या माहितीमुळेच केला असं धरलं जाईल, आणि निर्दोष असल्याचं दाखवणं त्या माणसाकडे. मग उद्या आमच्या प्लँट हेडने मुलीच्या लग्नासाठी विंडो बंद असताना शेअर विकले आणि 'गॅमन' पुढे केलं, तर ते चालेल का?

मी हात वर करून हेच विचारलं. तरुण वकील म्हणाले, "इट डिपेंड्स, मॅडम. मी स्लाइड देतो." मागे बसलेले सर तेवढ्यात उठून पुढे आले, हे त्यांचं मोठेपण. त्यांचं मत असं की नुसतं लग्न सांगून भागणार नाही, गहाण पडलेल्या शेअरसारखी किंवा बँकेच्या अटीसारखी कागदावर दिसणारी निकड लागेल. शिवाय बातमीची दिशा आणि व्यवहाराची दिशा जुळत नसेल तर बाजू जरा बळकट होते. आणि प्री-क्लिअरन्स देणाऱ्याने हा विचार करायचाच नाही, त्याने नकार द्यायचा, कोर्टाचं काम कोर्टाला करू द्यायचं. तीन वाक्यांत दुपारची फी वसूल झाली. पण ती विचारल्यावर मिळाली.

उरलेले दोन निकाल घड्याळाकडे बघत झाले. पीसी ज्वेलरचा बलराम गर्ग निकाल, एप्रिल २०२२: शेअरचा व्यवहार करणाऱ्याशी नातं आहे आणि व्यवहाराची वेळ संशयास्पद आहे, एवढ्यावर माहिती दिली असं धरता येत नाही, ती दिल्याचा पुरावा सेबीने आणायचा. आणि व्हॉट्सॲपचं प्रकरण. कंपन्यांचे तिमाही आकडे निकालाआधीच ग्रुपवर फिरत होते, सेबीने मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना दंड केला, आणि सॅटने मार्च २०२१ मध्ये तो रद्द केला. बाजारात असले अंदाज रोज शेकड्याने फिरतात. हा मेसेज कंपनीच्या आतून आला आणि पाठवणाऱ्याला ते माहीत होतं, हे दाखवता आलं नाही. पुढे सुप्रीम कोर्टातही सेबीच्या हाती काही लागलं नाही.

यावर चर्चा व्हायला हवी होती, कारण हे दोन निकाल एकत्र वाचले की माझ्या डेटाबेसचं मोल कळतं. माहिती कोणाच्या हातात होती याचा मी नोंदवलेला तारीख-वेळेचा कागद सोडला तर पुष्कळदा दुसरा पुरावाच नसतो. आमचे आयटीवाले त्या नोंदींना 'मॅडमची डायरी' म्हणतात. त्यांना मी हे निकाल पाठवलेत.

फाइलबद्दल: अमेरिकेच्या चार निकालांचे उतारे नीट निवडलेले, समासात सरांच्या हस्ताक्षरातल्या टिपा, त्या खरंच कामाच्या. भारताच्या भागात नुसती स्लाइडची छपाई, एका पानावर सहा, भिंग घेऊन वाचावी लागतील इतकी बारीक. भावसंवेदनशील माहितीची यादी २०२५ च्या दुरुस्तीआधीची होती. १० जूनपासून ती वाढली, हे वर्गात तोंडी सांगितलं, फाइलमध्ये नाही. कंप्लायन्सच्या वर्गाला हे शोभत नाही. हॉलचा एसी पहिल्या दोन रांगांवर थेट येतो, शाल न्या.

सकाळच्या सत्राला मी पाचपैकी पाच देईन, दुपारच्याला दोन. सीएस, म्हणजे कंपनी सेक्रेटरीच्या, विद्यार्थ्यांनी खिशातले पैसे घालू नयेत. गॅमन आणि पीसी ज्वेलरचे निकाल सुप्रीम कोर्टाच्या साइटवर फुकट आहेत, मराठी माध्यमवाल्यालाही शब्दकोश शेजारी ठेवून जमतील इतके सरळ लिहिलेत. अकाउंट्स, आयटी आणि साहेबांचे पीए यांना मात्र कंपनीने जरूर पाठवावं. झेरॉक्सच्या त्या एका पानाने त्यांना जे समजेल, ते माझ्या वर्षभराच्या मेलने समजत नाही. चौकशीचा फोन कराल तेव्हा दुपारचं सत्र कोण घेणार ते विचारा. सकाळचेच सर असतील तर साडेसहा हजार द्यायला हरकत नाही. नसतील तर अर्ध्या दिवसाची फी घेतात का, तेही विचारून घ्या.